वाचक विचारतात : लंडनच्या गोल्डर्स ग्रीन दहनगृहातील स्मृती

सिग्मंड फ्रॉइड यांच्या अखेरच्या काळाविषयी या मासिकात आलेल्या लेखात, त्यांच्या अस्थी लंडनमधील गोल्डर्स ग्रीन दहनगृहात ठेवलेल्या आहेत, असा एका वाक्याचा उल्लेख होता. त्या वाक्याने अनेक वाचकांचे कुतूहल जागे केले. आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : गोल्डर्स ग्रीनशी संबंधित नामवंतांच्या याद्यांमध्ये रुडयार्ड किपलिंग, बर्नार्ड शॉ, एच. जी. वेल्स, टी. एस. एलियट ही नावे आढळतात. परंतु किपलिंग वेस्टमिन्स्टर ॲबीत चिरविश्रांती घेत आहेत, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवत आलो. यांपैकी खरे काय मानावे?
— एक निवृत्त इंग्रजी शिक्षक

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, गोंधळ झाला आहे तो याद्या करणाऱ्यांनी वेगवेगळ्या गोष्टी एका रांगेत बसवल्यामुळे. दहनगृहाशी एखाद्याचे नाव तीन प्रकारे जोडले जाते. त्या व्यक्तीचे दहन तेथे झालेले असते, किंवा तिच्या अस्थी तेथे कलशात ठेवलेल्या अथवा बागेच्या मातीत मिसळलेल्या असतात, किंवा तिच्या नावाचा केवळ फलक तेथे असतो. काहींच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकत्र आढळतात, परंतु पुष्कळांच्या बाबतीत पहिली एकच खरी असते. आपण दिलेली चारही नावे केवळ दहन तेथे झालेल्यांच्या वर्गातील आहेत.

किपलिंग यांचे निधन १८ जानेवारी १९३६ रोजी झाले. त्यांचे दहन गोल्डर्स ग्रीनमध्ये झाले आणि अस्थी ॲबी या लंडनमधील जुन्या चर्चमध्ये, साहित्यिकांच्या स्मृतींसाठी असलेल्या कवींच्या कोपऱ्यात, डिकन्स आणि हार्डी यांच्या शेजारी पुरण्यात आल्या. थॉमस हार्डी यांच्या बाबतीत तर १९२८ मध्ये आणखी विलक्षण तडजोड झाली होती. त्यांचे दहन वोकिंग येथे होऊन अस्थी ॲबीत आल्या, आणि हृदय मात्र त्याआधी वेगळे काढून डॉर्सेटमधील स्टिन्सफर्ड या त्यांच्या गावच्या चर्चच्या आवारात पुरले गेले. राष्ट्राला त्यांचे स्मारक राजधानीत हवे होते आणि त्यांना स्वतःला आपल्या माणसांजवळ राहायचे होते. अस्थी आणि हृदय यांची ही वाटणी आज वाचतानाही अंगावर येते. नट हेन्री अर्व्हिंग यांच्या अस्थी १९०५ मध्ये आणि पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांच्या अस्थी १९४० मध्ये गोल्डर्स ग्रीनमधील दहनानंतर अशाच ॲबीत गेल्या. शतकानुशतकांच्या दफनांनी भरून गेलेल्या त्या वास्तूत लहानशा कलशाला जागा मिळणे तुलनेने सोपे होते, हे त्यामागील व्यावहारिक कारण सहज समजण्यासारखे आहे.

शॉ यांचे दहन नोव्हेंबर १९५० मध्ये गोल्डर्स ग्रीनमध्ये झाले. त्यांच्या पत्नी शार्लट १९४३ मध्ये निवर्तल्या होत्या आणि त्यांच्या अस्थी जपून ठेवण्यात आल्या होत्या. दोघांच्या अस्थी एकत्र करून एअट सेंट लॉरेन्स या खेड्यातील त्यांच्या घराच्या बागेत, पायवाटांच्या कडेने आणि जोन ऑफ आर्कच्या पुतळ्याभोवती विखुरल्या गेल्या. ॲबीत जाण्याइतकी कीर्ती असलेल्या माणसाने स्वतःच्या बागेची निवड केली, ही गोष्ट मला अतिशय भावते. वेल्स यांचे दहन १९४६ मध्ये झाले आणि त्यांच्या अस्थी पुढे समुद्रात सोडण्यात आल्या.

एलियट आणि हेन्री जेम्स ही दोन नावे मात्र शेजारी ठेवून पाहावीत. दोघेही जन्माने अमेरिकन, दोघांनीही इंग्लंड आपलेसे केले आणि ब्रिटिश नागरिकत्व घेतले. १९१६ मध्ये दहन झाल्यावर जेम्स यांच्या अस्थी अटलांटिक ओलांडून मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे, त्यांच्या कुटुंबीयांच्या दफनभूमीत गेल्या. १९६५ मध्ये एलियट यांच्या अस्थी मात्र सॉमरसेटमधील ईस्ट कोकर या गावच्या चर्चमध्ये ठेवण्यात आल्या, कारण १७व्या शतकात त्यांचे पूर्वज तेथूनच अमेरिकेला गेले होते. एकाच दहनगृहातून निघालेले हे दोन कलश अगदी उलट दिशांनी आपापल्या घराण्याच्या मुळाशी पोहोचले.

तेव्हा यादी वाचताना ‘दहन कोठे झाले’ आणि ‘अस्थी कोठे आहेत’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, तर आपल्या विद्यार्थ्यांना आपण काहीही चुकीचे शिकवलेले नाही, हे स्पष्ट होईल.

प्रश्न : ख्रिस्ती धर्मात दफनाची परंपरा असताना, लंडनसारख्या शहरात इतक्या मान्यवर लोकांनी दहन कसे स्वीकारले? कायद्याने त्याला हरकत नव्हती का?
— एक वकील वाचक

उत्तर : हरकत होती आणि ती दूर होण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली. हा इतिहास थोडा सविस्तर सांगावा लागेल, कारण गोल्डर्स ग्रीनची इमारत याच झगड्यातून उभी राहिली.

१९व्या शतकात लंडनच्या लोकसंख्येबरोबर तेथील दफनभूमीही तुडुंब भरत गेल्या आणि आरोग्याचा प्रश्न गंभीर झाला. व्हिक्टोरिया राणीचे शल्यविशारद सर हेन्री थॉम्पसन यांनी १८७३ मध्ये व्हिएन्ना येथील प्रदर्शनात इटालियन प्राध्यापक ब्रुनेत्ती यांचे दहनयंत्र पाहिले आणि परत आल्यावर दहनाचा पुरस्कार करणारा लेख प्रसिद्ध केला. जानेवारी १८७४ मध्ये त्यांच्या घरी जमलेल्या मंडळींनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि इंग्लंडची दहन संस्था स्थापन झाली. सह्या करणाऱ्यांत कादंबरीकार अँथनी ट्रॉलोप, चित्रकार जॉन एव्हरेट मिले आणि व्यंगचित्रकार जॉन टेनियल यांचा समावेश होता. चळवळीच्या पहिल्या दिवसापासून तिच्यामागे लेखक आणि कलावंत होते, हे लक्षात घेतले म्हणजे पुढे या दहनगृहाच्या नोंदींत त्यांचीच इतकी नावे का दिसतात, याचा बराच उलगडा होतो.

संस्थेने वोकिंग येथे जागा घेऊन भट्टी बांधली आणि मार्च १८७९ मध्ये एका मृत घोड्याचे दहन करून तिची चाचणी घेतली. स्थानिक रहिवाशांनी एवढा विरोध केला की गृहमंत्र्यांनी मनुष्यदेहाच्या दहनास मनाई केली. सरकारची भीती केवळ धार्मिक नव्हती. दफन केलेला मृतदेह उकरून तपासता येतो, जाळलेला येत नाही. त्यामुळे विषप्रयोग किंवा खून पचवणे सोपे होईल, असा आक्षेप होता आणि तो आपल्यासारख्या वकिलास गैरवाजवी वाटणार नाही.

ही कोंडी फोडली ती वेल्समधील डॉ. विल्यम प्राइस या ८३ वर्षांच्या वृद्धाने. स्वतःला प्राचीन ड्रुइड परंपरेचा पुरोहित मानणाऱ्या या डॉक्टरने जानेवारी १८८४ मध्ये आपल्या पाच महिन्यांच्या मृत मुलाचे लान्ट्रिसंट गावाजवळच्या टेकडीवर दहन करण्याचा प्रयत्न केला. जमाव चवताळला, पोलिसांनी अटक केली आणि कार्डिफ येथे खटला उभा राहिला. न्यायमूर्ती स्टीफन यांनी निर्णय दिला की, सार्वजनिक उपद्रव होणार नाही अशा रीतीने केलेले दहन बेकायदेशीर ठरत नाही. या निर्णयाच्या आधारे २६ मार्च १८८५ रोजी वोकिंग येथे पहिले दहन झाले. प्राइस स्वतः १८९३ मध्ये वारले, तेव्हा त्याच टेकडीवर हजारो लोकांच्या उपस्थितीत त्यांचे दहन झाले.

लंडनकरांना वोकिंग दूर पडत असे, म्हणून शहराच्या उत्तरेस गोल्डर्स ग्रीन येथे जागा घेण्यात आली. अर्नेस्ट जॉर्ज आणि आल्फ्रेड येट्स या वास्तुविशारदांनी उत्तर इटलीच्या जुन्या चर्चची आठवण करून देणाऱ्या शैलीत लाल विटांची इमारत उभारली, भट्टीचे धुराडे मनोऱ्यात दडवले आणि उद्यानाची आखणी विल्यम रॉबिन्सन यांनी केली. थॉम्पसन यांच्याच हस्ते नोव्हेंबर १९०२ मध्ये तिचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने दहनाचा कायदा केला आणि त्याखालील नियमांनी डॉक्टरांच्या प्रमाणपत्रांची अट घालून विषप्रयोगाच्या आक्षेपाला उत्तर दिले. १९०४ मध्ये थॉम्पसन वारले आणि त्यांचे दहन त्यांनीच उद्घाटन केलेल्या याच वास्तूत झाले.

त्यानंतरही समाजाचे मन सावकाशच वळले. १९१७ मध्ये कॅनॉटच्या डचेस लुईस मार्गारेट यांचे येथे दहन झाले, तेव्हा ब्रिटिश राजघराण्यात ते पहिलेच होते. कॅथलिक चर्चने आपली बंदी १९६३ मध्ये उठवली, आणि ब्रिटनमध्ये दहनांची संख्या दफनांपेक्षा प्रथमच अधिक झाली ती १९६८ मध्ये. म्हणजे १९०५ मध्ये अर्व्हिंग यांच्यासाठी किंवा १९१६ मध्ये जेम्स यांच्यासाठी दहनाचा मार्ग निवडला गेला, तेव्हा तो अल्पसंख्याकांचा मार्ग होता आणि त्यासाठी काहीशा धैर्याची गरज होती, हे विसरता कामा नये. शॉ यांनी १९१३ मध्ये आपल्या आईचे दहन याच ठिकाणी केले आणि भट्टीतील ज्वाळा स्वतः पाहून त्याविषयी अभिनेत्री मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल यांना पत्र लिहिले. शोकाच्या दिवशी लिहिलेल्या त्या पत्रात ज्वाळांच्या सौंदर्याविषयीचा विस्मय आहे आणि भय कोठेही नाही. दहनाच्या बाजूने झालेल्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा ते एक पत्र मला अधिक बोलके वाटते.

प्रश्न : फ्रॉइड यांच्या अस्थी प्राचीन ग्रीक कलशात आहेत, असे लेखात म्हटले होते. तो कलश फुटल्याचे ऐकले, ते खरे आहे काय? आणि ज्यू असून त्यांचे दहन कसे झाले?
— मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी

उत्तर : दुर्दैवाने ते खरे आहे. जानेवारी २०१४ मध्ये, नववर्षाच्या सुमारास, चोरट्यांनी रात्री आत शिरून तो कलश पळवण्याचा प्रयत्न केला आणि त्यात त्याची मोठी हानी झाली. २,००० वर्षांहून अधिक जुनी ती वस्तू युद्धे, स्थलांतरे आणि खरेदी-विक्री यांतून सुखरूप राहिली होती. आपल्या काळात, एका शांत स्मृतिदालनात तिचे तुकडे व्हावेत, याचे दुःख शब्दांत मांडणे कठीण आहे.

तो कलश फ्रॉइड यांच्या शिष्या आणि हितचिंतक राजकन्या मारी बोनापार्त यांनी त्यांना भेट दिला होता. फ्रॉइड यांना प्राचीन वस्तूंचा विलक्षण छंद होता. व्हिएन्नातील त्यांचा अभ्यासकक्ष ग्रीक, रोमन आणि इजिप्शियन मूर्तींनी भरलेला असे आणि १९३८ मध्ये नाझींच्या तावडीतून सुटून ते लंडनला आले, तेव्हा हा संग्रहही त्यांच्यामागून आला. या सुटकेसाठी ज्यांनी आपला पैसा आणि वजन खर्च केले, त्यांत मारी बोनापार्त अग्रभागी होत्या. म्हणून त्या कलशाकडे केवळ मौल्यवान पुरावस्तू म्हणून पाहणे अपुरे आहे. ज्या मैत्रीने त्यांना वाचवले, तिची ती खूण आहे.

लंडनमध्ये त्यांना जेमतेम सव्वा वर्ष लाभले. जबड्याच्या कर्करोगाने जर्जर झालेल्या फ्रॉइड यांचे २३ सप्टेंबर १९३९ रोजी, दुसरे महायुद्ध सुरू होऊन तीन आठवडे होत असताना, हॅम्पस्टेडमधील घरी निधन झाले. तीन दिवसांनी गोल्डर्स ग्रीनमध्ये दहन झाले, तेव्हा मनोविश्लेषक अर्नेस्ट जोन्स यांनी इंग्रजीत आणि कादंबरीकार स्टेफान त्स्वाइग यांनी जर्मनमध्ये श्रद्धांजली वाहिली. १९५१ मध्ये पत्नी मार्था यांच्या अस्थीही त्याच कलशात ठेवण्यात आल्या. कन्या आना यांच्या अस्थीही १९८२ पासून याच दहनगृहात आहेत.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी असे की, सनातनी ज्यू परंपरा दहनाला मान्यता देत नाही. गोल्डर्स ग्रीन दहनगृहाच्या अगदी समोर, रस्त्याच्या पलीकडे, ज्यूंची जुनी दफनभूमी आहे. फ्रॉइड यांनी आपले ज्यू असणे कधीही लपवले नाही, उलट अभिमानाने सांगितले. मात्र धर्माचरण त्यांनी मानले नाही. रस्त्याच्या अलीकडची बाजू त्यांच्या आयुष्याशी सुसंगतच होती.

प्रश्न : ‘ड्रॅक्युला’चा लेखक ब्रॅम स्टोकर याचेही दहन तेथेच झाले. प्रेत पुन्हा उठू नये म्हणून त्याने मुद्दाम दहन निवडले, ही कथा कितपत खरी आहे?
— एक महाविद्यालयीन वाचक

उत्तर : या कथेला आधार नाही आणि तिच्यामुळे एका कष्टाळू माणसाची खरी ओळख झाकली जाते. स्टोकर यांनी सुमारे २७ वर्षे हेन्री अर्व्हिंग यांच्या लायसियम नाट्यगृहाचा कारभार सांभाळला आणि हयातीत ते लेखकापेक्षा अर्व्हिंग यांचे व्यवस्थापक म्हणूनच अधिक परिचित होते. अर्व्हिंग यांचे दहन १९०५ मध्ये ज्या ठिकाणी झाले, त्याच ठिकाणी सात वर्षांनी स्टोकर यांचे झाले, यामागे नाट्यवर्तुळातील प्रघात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. २० एप्रिल १९१२ रोजी ते वारले, तेव्हा टायटॅनिक बुडून पाचच दिवस झाले होते आणि वृत्तपत्रांना दुसऱ्या कशासाठी फारशी जागा नव्हती. त्यांच्या अस्थी अद्याप गोल्डर्स ग्रीनमध्ये आहेत आणि १९६१ मध्ये पुत्र नोएल यांच्या अस्थी त्यांच्याच कलशात मिसळण्यात आल्या.

प्रश्न : नर्तकी ॲना पाव्हलोव्हा रशियाची. तिच्या अस्थी लंडनमध्ये का राहिल्या? त्या मायदेशी नेण्याचा प्रयत्न झाला नाही का?
— नृत्य शिकवणाऱ्या एक वाचिका

उत्तर : पाव्हलोव्हा यांचा जन्म सेंट पीटर्सबर्गचा असला, तरी १९१२ पासून त्यांचे घर लंडनमध्ये, या दहनगृहापासून जवळच होते. आयव्ही हाउस नावाच्या त्या घराच्या तळ्यात त्यांनी हंस पाळले होते. २३ जानेवारी १९३१ रोजी दौऱ्यावर असताना हेग येथे फुप्फुसाच्या आजाराने त्यांचा अंत झाला आणि त्यांना लंडनला, म्हणजे आपल्या घरीच, आणण्यात आले. त्यांच्या कलशापाशी त्यांच्या नृत्याचे बूट ठेवले होते, ते पुढे चोरीस गेले. अस्थी मॉस्कोला नेण्याचा प्रयत्न २००० सालाच्या सुमारास बराच पुढे गेला होता, परंतु त्यांची स्वतःची तशी इच्छा होती काय, यावरच वाद झाला आणि २००१ मध्ये तो बेत रद्द झाला. माझ्या मते जे झाले ते योग्य झाले. ज्या देशातून त्या निघाल्या, तो देश आणि ज्याने त्यांच्या अस्थी परत मागितल्या, तो देश यांत क्रांतीचे आणि कित्येक दशकांचे अंतर पडले होते.

आपण नृत्य शिकवता, म्हणून एवढे जोडतो की भारतीय नृत्याच्या आधुनिक इतिहासात पाव्हलोव्हा यांचे ऋण मोठे आहे. चित्रकला शिकण्यासाठी लंडनला गेलेल्या तरुण उदय शंकर यांना त्यांनी आपल्या भारतीय विषयांवरील रचनांसाठी बरोबर घेतले आणि १९२३ मध्ये राधा-कृष्णाच्या नृत्यात दोघे एकत्र रंगमंचावर आले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची त्यांच्याशी १९२८ च्या सुमारास ओळख झाली आणि स्वतःच्या देशाच्या नृत्यपरंपरेकडे वळण्याची प्रेरणा त्यांना पाव्हलोव्हा यांच्याकडून मिळाली. गोल्डर्स ग्रीनमधील त्या कोनाड्यासमोर भारतीय नर्तकांनी हात जोडावेत, एवढे हे नाते सच्चे आहे.

प्रश्न : या दहनगृहाशी कोणा भारतीयाचे नाव जोडलेले आहे काय? परदेशात मरण पावलेल्या भारतीयांच्या अस्थींचे त्या काळी काय होत असे?
— अनेक वाचक

उत्तर : पहिले नाव शापूरजी सकलातवाला यांचे घ्यावे लागेल. १८७४ मध्ये मुंबईत जन्मलेले सकलातवाला हे जमशेटजी टाटा यांचे भाचे. टाटांच्या व्यवसायासाठी इंग्लंडला गेलेला हा पारशी गृहस्थ तेथे कामगार चळवळीत ओढला गेला आणि लंडनमधील बॅटरसी नॉर्थ मतदारसंघातून १९२२ मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आला. दादाभाई नवरोजी आणि मंचेरजी भावनगरी यांच्यानंतरचे ते तिसरे भारतीय खासदार. कम्युनिस्ट म्हणून १९२४ ते १९२९ या काळातही ते संसदेत होते आणि तेथे त्यांनी भारताच्या स्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. १६ जानेवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले, गोल्डर्स ग्रीनमध्ये दहन झाले आणि अस्थी ब्रुकवुड येथील पारशी दफनभूमीत, टाटा कुटुंबीयांच्या सान्निध्यात ठेवण्यात आल्या.

येथे तारखांकडे लक्ष वेधावेसे वाटते. सकलातवालांनंतर दोनच दिवसांनी किपलिंग वारले. दोघांचाही जन्म मुंबईचा. एकाने साम्राज्याचे गुणगान केले, दुसऱ्याने त्याच साम्राज्याच्या संसदेत उभे राहून त्याला आव्हान दिले, आणि दोघांचेही दहन त्याच जानेवारी महिन्यात एकाच दहनगृहात झाले. किपलिंग यांच्या नावाची शिळा ॲबीत रोज शेकडो लोक पाहतात. सकलातवालांचे नाव मात्र त्यांच्या जन्मगावीही किती जणांना ठाऊक असेल, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

दुसरे नाव भारतीयाचे नाही, परंतु भारताशी निगडित आहे. नवी दिल्लीतील आजच्या राष्ट्रपती भवनाचे वास्तुविशारद एडविन लुटियन्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात गोल्डर्स ग्रीनच्या आवारात फिलिपसन कुटुंबाची समाधी उभारली. १ जानेवारी १९४४ रोजी ते वारले, तेव्हा त्यांचेही दहन येथेच झाले. अस्थी सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या तळघरात आहेत.

प्रश्नाच्या उत्तरार्धासाठी लंडनबाहेर पाहावे लागेल. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडचा दौरा आटोपून परतत असताना ३० नोव्हेंबर रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. वय अवघे विशीतले. युरोपात तेव्हा आधुनिक दहनगृह अस्तित्वात नव्हते. इटलीतले पहिले मिलान येथे १८७६ मध्ये सुरू झाले. हिंदू रीतीनुसार संगमावर दहन व्हावे, म्हणून विशेष परवानगी मिळवून, आर्नो आणि मुन्योने या नद्या जेथे मिळतात त्या कशीने उद्यानाच्या टोकाशी चिता रचण्यात आली. तेथे १८७४ मध्ये छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला, तो शिल्पकार फुलर यांनी घडवला आहे. पुढे जवळ बांधलेल्या पुलालाही या स्मारकावरूनच ‘भारतीयाचा पूल’ अशा अर्थाचे नाव मिळाले. थॉम्पसन यांचा जाहीरनामा निघण्यापूर्वी तीन वर्षे युरोपच्या एका शहराने कोल्हापूरच्या राजाची चिता पाहिली होती, ही गोष्ट दहनाच्या युरोपीय इतिहासात अधिक ठळकपणे नोंदली जावी.

पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या रुग्णालयांत दगावलेल्या हिंदू व शीख सैनिकांचे दहन शहराबाहेर पॅचम येथील टेकड्यांवर करण्यात आले. अशा ५३ सैनिकांच्या स्मरणार्थ तेथे पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे. तिचे अनावरण १ फेब्रुवारी १९२१ रोजी झाले. क्रांतिकारकांचे आश्रयदाते श्यामजी कृष्णवर्मा १९३० मध्ये जिनेव्हा येथे वारले, तेव्हा त्यांचा अस्थिकलश तेथेच सांभाळून ठेवण्याची तजवीज झाली होती. स्वतंत्र भारतात अस्थी परत जाव्यात, ही त्यांची इच्छा होती. त्यांचा आणि पत्नी भानुमती यांचा असे दोन्ही कलश २००३ मध्ये भारतात आले, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही ५६ वर्षे ते परक्या भूमीत वाट पाहत होते. एवढा विलंब का व्हावा, याचे समाधानकारक कारण मला दिसत नाही.

प्रश्न : कलशाऐवजी गुलाबाच्या झाडाखाली अस्थी ठेवतात, असे वाचले. मग ती जागा कायमची त्या व्यक्तीची राहते का? आणि मुलांच्या लाडक्या लेखिका एनिड ब्लायटन यांचेही स्मारक तेथे आहे का?
— एक ग्रंथपाल

उत्तर : आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आधुनिक भट्टीतून दहनानंतर जे उरते, ते मुख्यतः हाडांचे अवशेष असतात आणि ते यंत्रात दळून त्यांची बारीक पूड करतात. म्हणूनच ती मातीत मिसळणे किंवा विखुरणे शक्य होते. एकदा विखुरल्यावर ‘अमुक जागी अमुक व्यक्ती’ असे बोट दाखवून सांगता येत नाही. ‘द हू’ या वाद्यवृंदाचे ढोलवादक कीथ मून यांच्या अस्थी १९७८ मध्ये स्मृतिउद्यानात अशाच विखुरल्या गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी मोटार अपघातात गेलेले गायक मार्क बोलन आणि १९८० मध्ये निवर्तलेले विनोदी अभिनेते पीटर सेलर्स यांच्या अस्थी गुलाबाच्या झाडांखाली आहेत, तर संगीतकार-नट आयव्हर नोव्हेलो यांच्या अस्थी १९५१ पासून लायलॅकच्या झुडपाखाली आहेत. गायिका एमी वाइनहाउस यांचे २०११ मध्ये दहन येथे झाले असले, तरी त्यांच्या अस्थी त्यांच्या आजीच्या अस्थींसह एजवेअरबरीच्या ज्यू दफनभूमीत पुरण्यात आल्या. त्यांचे चाहते पुष्कळदा गोल्डर्स ग्रीनला जाऊन शोधत राहतात.

जागा कायमची असते का, याचे उत्तर सर्वत्र सारखे नसते. ब्रिटनमधील अनेक दहनगृहांत झाड, फलक किंवा कोनाडा ठरावीक वर्षांच्या मुदतीने दिला जातो आणि मुदत संपल्यावर कुटुंबीयांनी नूतनीकरण केले नाही, तर फलक काढला जाऊ शकतो. झाडाचे आयुष्यही मर्यादित असते. ते वाळले की त्या जागी नवे लावतात. म्हणून एखाद्या फलकाचे छायाचित्र जुन्या पुस्तकात असेल, तर तो आजही तेथे असेलच असे गृहीत धरू नये.

एनिड ब्लायटन यांचे निधन २८ नोव्हेंबर १९६८ रोजी झाले. त्यांचे दहन गोल्डर्स ग्रीनमध्येच झाले आणि अस्थीही तेथेच आहेत. आपल्या ग्रंथालयातील बालवाचकांना त्यांच्याविषयी माहिती देताना दहन आणि अस्थी या दोन्ही नोंदींपुढे गोल्डर्स ग्रीन हेच नाव लिहावे.